सुरक्षित पैसे

"काकूजी, पैसे एकदम सेफ आहेत. फक्त काढता येत नाहीत," कंपनीचा पीयूष म्हणाला.

मंजुषाताईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. इंदूरच्या तुकोगंजमधल्या या चकचकीत ऑफिसात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. जवळच्याच दवाखान्यात त्यांचे यजमान, शंकरराव, आयसीयूत होते आणि बायपास लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पोलोग्राउंडच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळून मिळालेला फंड शंकररावांनी या कंपनीच्या अ‍ॅपवर लावला होता. आपण अनोळखी गरजूंना थोडे थोडे पैसे कर्जाऊ द्यायचे, त्यांनी हप्त्याने फेडायचे. व्याज बँकेपेक्षा चांगलं. सुरुवातीला हवे तेव्हा पैसे काढताही येत. मग नियम बदलले.

"लोक फेडतील तसे येतील परत," पीयूष समजावत होता.

"आणि नाही फेडले तर?"

"तर रिस्क देणाऱ्याची, काकूजी. आम्ही वसुली करतो ना, पण गॅरंटी नाही."

"आमचेच पैसे मागतेय हो मी."

"समजतंय मला." त्याने पाणी मागवलं. मुलगा वाईट नव्हता. जरा घुटमळून म्हणाला, "एक होऊ शकतं. खातं सरांच्या नावाने आहे. तुम्ही तुमच्या नावाने आमच्याकडून लोन घ्या. शिलाई क्लास आहे ना तुमचा? उद्यापर्यंत होऊन जाईल."

व्याज ऐकून मंजुषाताईंना घेरीच आली. पण दुसरा रस्ता नव्हता. फोनवर आलेला ओटीपी नंबर त्यांनी त्याला सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी पैसे आले. कोणाकोणाचे असतील, देव जाणे. मंजुषाताईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या सगळ्यांना हात जोडले. शंकररावांना मात्र सांगितलं, देवासहून शामने पाठवले. शाम मंजुषाताईंचा धाकटा भाऊ.

"शामने?" शंकरराव एवढंच म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑपरेशन नीट झालं. पण त्यांचं उठणं-बसणं, पथ्यपाणी सांभाळताना शिलाई क्लास बंद पडला, मुली दुसरीकडे गेल्या. पहिला हप्ता चुकला, मग दुसरा. फोन सुरू झाले. आधी गोड बोलणारी एक मुलगी, नंतर एक पुरुष. "पैसे घेताना शरम नाही वाटली, बाईजी?" मंजुषाताई फोन घेऊन गच्चीवर जात, दबक्या आवाजात मुदत मागत. शिलाई मशीन विकायला काढलं, तर लोक भंगाराचा भाव सांगू लागले. शंकररावांना सांगायची सोय नव्हती; त्यांच्या मनाला ताण नको, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं.

एके सकाळी चहा घेता घेता शंकरराव मोबाइल बघून धुसफुसायला लागले.

"बघ यांचं. मी दवाखान्यात पडलेलो, तेव्हा जमा झालेले हप्ते अ‍ॅपने आपोआप पुन्हा कर्जाने देऊन टाकले. सगळे एकाच बाईला. नाव दाखवत नाहीत, पण इंदूरचीच आहे. एक हप्ता भरलेला नाही तिने."

"अडचण असेल हो बिचारीची."

"अडचण कोणाला नसते? स्वतःचे पैसे असून तुला भावासमोर हात पसरावा लागला." जरा दम घेऊन म्हणाले, "परवा कंपनीचा फोन होता. घरी माणसं पाठवायची का, विचारत होते. मी म्हटलं, पाठवा भिया. मोहल्ल्यात चार लोकांसमोर निघाली लाज, की बरोबर देते."

मंजुषाताईंनी कपबशी उचलली. पुन्हा खाली ठेवली.

"कधी जाणार ती माणसं?"

"आजच, म्हणे."

दाराची बेल वाजली. मंजुषाताई जागच्या हलल्या नाहीत.

"बस तू, दमली आहेस," शंकरराव म्हणाले आणि भिंतीला हात लावत स्वतःच दारापर्यंत गेले.

बाहेर दोन धिप्पाड तरुण उभे होते. शेजारची दारं उघडतील इतक्या मोठ्याने त्यातल्या एकाने विचारलं, "मंजुषा दिघे यहीं रहती हैं?"