खुणेचे दगड

केनियातल्या अख्ख्या तुर्कानात एवोईसारखी नजर कुणाची नव्हती. जमिनीत जुनं हाड दिसलं, की तो खुणेला दगडांचा ढीग रचायचा. दुसऱ्या दिवशी खोदणारे यायचे. गेल्या साली त्याला सापडलेली कवटी खोदकाम बघणाऱ्या डॉक्टरबाईंनी पेटीत घालून विमानानं नेली. "ही माणसाची आणि माकडाची, दोघांचीही पणजी," त्या म्हणाल्या होत्या.

यंदाच्या दुष्काळात एवोईची तान्ही लेक गेली. त्याच्या बायकोनं, आकिरूनं, रीतीप्रमाणे पुरलेल्या जागेवर दगड रचले. एवोईनं ते एकेक करून दूर भिरकावले.

"अरे, तरस उकरून खाईल की रे तिला," आकिरू रडत म्हणाली.

"खाऊ दे. दगड दिसले, तर उद्याच खोदणारे येतील. हाडं उरली, तर लाख वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी येईल."