सरावाचा दिवा

"मुलाखतीची भीती वाटते का?" भरमाप्पानं दरडावून विचारलं.

"नाही," रोहिणी म्हणाली, आणि टेबलावरचा दिवा लालभडक झाला.

"गेली नोकरी!"

आवाजातलं खोटं हेरणारा असला दिवा आता प्रत्येक मुलाखतीत असायचा. हा त्यांनी सरावाला भाड्यानं आणला होता.

"वाटते भीती, आबा. पण कामाची हौस तिच्याहून मोठी आहे."

दिवा हिरवागार झाला. भरमाप्पाची छाती फुगली. वेल्डिंगच्या दुकानात त्याचा जन्म गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणण्यात गेला, आणि ही पोर बघा, बेधडक खरं बोलते!

"आता माझा प्रश्न," ती म्हणाली. "मी बंगळूरला गेले तर तुम्ही एकटे राहाल?"

"राहीन की मजेत!"

दिवा लाल झाला.

"बंद कर ते डबडं!"

तिनं बंद केलं नाही. "मग मी जाऊ नको?"

भरमाप्पानं दिव्याकडं पाठ फिरवली. "करमायचं नाही गं मला. घास गोड लागायचा नाही. तरी तू जायलाच पाहिजेस."

दिवा हिरवा झाला. रोहिणी भरमाप्पाकडे बघतच राहिली.

"माझ्याकडं काय बघतीस?" तो खेकसला. "मुलाखत तुझी हाय का माझी? पुढचं उत्तर दे!"