अंगाईचे पैसे

“आधी डिलीट कर. माझ्यासमोर,” दिपाली म्हणाली. तान्ही संस्कृती खांद्यावर नुकतीच पेंगली होती, म्हणून आवाज दबलेला होता. राग दबलेला नव्हता.

युवराजने लॅपटॉप मांडीवर ओढला. चिंचोळी एमआयडीसीतली पहिली पाळी करून आला की त्याचा हाच उद्योग. टोरंट लावायचं, सिनेमे उतरवायचे, गाणी उतरवायची, पेनड्राइव्ह भरून पाळीतल्या पोरांना वाटायची. आज त्याने लेकीची अंगाई उतरवली होती.

“अगं, फुकट मिळतंय. रेंज नसली तरी वाजतंय. तुझं ते अ‍ॅप पैसे संपले की तोंड मिटतं.”

“गाणारी बाई आहे ना कुणीतरी? कंपनीनं तुला महिनाभर राबवून पगार दिला नाही तर चालेल?”

“तिला मिळतंय होय! मधलेच खातात सगळं.”

“थोडं तरी पोचत असेल. चोरलेलं गाणं माझ्या लेकीच्या कानात नको. तिच्या डोक्यावर हात ठेव, परत उतरवणार नाहीस म्हणून.”

युवराज हसला. हात ठेवला, फाइल उडवली आणि दाराकडे बघून ओरडला, “आई, बघ की तुझी सून. गाण्याचे पैसे भरती!”

केराबाई उंबऱ्याशी ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“कुणाला?”

“गाणाऱ्या बाईला, आत्या,” दिपाली म्हणाली.

“पोचलं का, इचारलंस तिला?”

एवढं बोलून केराबाई सूप घेऊन बाहेर ओट्यावर गेली. मोबाइलवर अंगाई लागली की ती अशीच उठायची. दार मात्र कधी पूर्ण ओढून घ्यायची नाही.

अंगाई साधीच होती. ढोलकी नाही, पेटी नाही. एका बाईचा भरलेला, ओला आवाज. मागे कुठेतरी मेंढरांच्या घंटा. शेवटी एक तान्हं पोर जरासं कुरकुरायचं आणि गाणं थांबायचं. त्या कुरकुरीपाशी संस्कृतीची मूठ हळूच उघडायची. दिपालीला ती उघडणारी मूठ बघायला फार आवडायचं. गाणारीचं नाव कुठे दिलेलं नव्हतं. नुसतं ‘पारंपरिक’.

“तुमच्याकडचंच वाटतं रे,” ती एकदा युवराजला म्हणाली होती. “आत्यांना येत असेल.”

“आमच्या आईला? मी जन्मात तिला गाताना ऐकलं नाही. नुसती थोपटायची. आता तर मिश्रीनं घसा पण गेलाय.”

दिपालीला नवल वाटलं नव्हतं. सासूला सांगोल्याकडच्या वस्तीवरून आणायला ती स्वतः गेली होती. नातीला सांभाळायला यायचं म्हणून केराबाईने शेवटची शेळी विकली. व्यापाऱ्याने टेम्पोत चढवली तेव्हा शेळी हंबरडा फोडल्यासारखी ओरडत होती. केराबाई दावं हातात गुंडाळत पाठ करून उभी.

“हाक तरी मारा आत्या, गप्प होईल ती,” दिपाली म्हणाली होती.

“इकलेल्याला हाक मारायची नसती. आता ते दुसऱ्याचं हाय.”

डोळ्यांत टिपूस नव्हतं. दिपालीने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं, या बाईच्या काळजात ओल नाही.

संस्कृतीला लशीचा डोस दिला त्या दिवशी दुपारी तिला ताप चढला. मांडी सुजली. औषध पाजलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं. पोर डोळे मिटायला तयार नव्हती. रडून रडून आवाज चिरकला होता. जरा झोपली तर औषध लागू पडेल, म्हणून दिपालीने घाईने अ‍ॅप उघडलं.

‘हे गाणं आता उपलब्ध नाही.’

पैसे तर परवाच भरले होते. तिने पुन्हा शोधलं. अख्खा अल्बमच गायब होता.

तिने युवराजला फोन लावला. लाजच सोडली. उचलला की सांगायचं, शपथ गेली खड्ड्यात, टोरंट लाव, चोर, पण आण. पण कामावर असताना फोन लॉकरमध्ये असतात. रिंग वाजून वाजून बंद झाली.

मग ती स्वतः गायला लागली. पोरीने पाठ कमानीसारखी ताणून तिला ढकललं. हा आवाज तो नव्हता.

“आत्या, तुम्ही रोज ऐकता. बोलीही तुमचीच. म्हणा ना.”

केराबाई भिंतीला टेकून उभी होती. “न्हाय.”

“येत नाही?”

“म्हणायचं न्हाय.”

दिपालीचा तोल सुटला. “शेळीसाठी तुम्हाला काही वाटलं नाही, ते समजू शकते. ही तुमची नात आहे! फुकट म्हणायला पण जिवावर येतंय?”

केराबाईने हात पुढे केले. पोर घेतली, पायांवर आडवी केली, थोपटायला लागली. दोनदा भरभर, मग एक थांबा. पुन्हा दोनदा. अंगाईत बाई श्वास घ्यायची नेमकी तिथेच हात थांबत होता. संस्कृतीचं रडणं तुटत तुटत हुंदक्यांवर आलं. डोळे मोठे करून ती आजीच्या तोंडाकडे बघायला लागली. आता सुरू होईल, म्हणून.

केराबाईचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले.

“शेवटाला कुरकुरतंय न्हवं, त्यो युवराज हाय,” ती म्हणाली. “येका लुगड्यावर टेपवाल्यास्नी इकलं म्या ते गाणं. तू पैसं भरतीस, तुजं ऐकत्याल ते. फोन लाव आन् इचार की, नातीपुरतं येकदा म्हणू का.”