अर्धी गोळी

गहिनीनाथ सदरा काढायला तयार नव्हता.

"काढा," डॉक्टर सुरय्या तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"बाई, मी पेशंट न्हाई. पेशंट भाईर बसलीया."

पेशंट म्हणजे त्याची बायको, मनकर्णा. तिच्या स्तनातला कॅन्सर आता पाठीच्या मणक्यात उतरला होता. कापून काढण्याची वेळ कधीच निघून गेली होती. बहात्तर साली नगरच्या या दवाखान्यात अशा बायकांसाठी एका गोळीचा अभ्यास चालू होता. रोज तीन गोळ्या, तीन महिने. गाठ बसली तर गोळी चालू. नाही बसली तर नाव कमी, आणि घरी जा.

आज तीन महिने भरले होते. गाठ होती तिथेच आणि होती तेवढीच होती. डॉक्टरांनी लाल शाईच्या पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

ते पेन बघूनच गहिनीनाथ पाया पडायला वाकला होता. "बाई, नाव नका कमी करू," एवढं म्हणेपर्यंत टेबलाची कड त्याच्या छातीला लागली आणि तो केवढ्यांदा तरी ओरडला. श्रीगोंद्याच्या आखाड्यात ज्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, तो पैलवान एका सरकारी टेबलाकडून चीत झाला. म्हणून तर डॉक्टरांनी सदरा काढायला सांगितलं.

शेवटी त्याने भिंतीकडे तोंड करून सदरा वर केला आणि तसाच वळला. डोळे घट्ट मिटलेले. छाती दोन्हीकडून सुजली होती. दोन्ही बोंडांखाली रुपयाएवढ्या कडक चकत्या उठल्या होत्या.

"तिचं मला लागलं, बाई," तो पुटपुटला. "म्हैना झाला. तिला सांगितलं न्हाई."

महिनाभर तो बंडी घालून आंघोळ करत होता. तालमीत जाणं त्याने बंद केलं होतं. रोज बंडीत हात घालून तो गाठी मोजायचा, एखादी कमी झाली असली तर बघावं म्हणून. एकदा तिसरी सापडली. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ती बरगडी निघाली. मरायची भीती त्याला होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आपण आधी गेलो तर हिला एसटीत धरून बसवायचं कोणी? नगरला आणायचं कोणी?

डॉक्टरांनी दाबून पाहिलं. गहिनीनाथने ओठ चावला.

"मळमळतं?"

"सकाळचं."

"उलट्या?"

"दोघांना बी हुत्यात."

डॉक्टरांचा हात थांबला. "दोघांना? काय खाता तुम्ही?"

"भाकरी."

"आणखी?"

"कालवण."

"आणखी, गहिनीनाथ?"

गहिनीनाथने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा काही मदत करणार नव्हता.

"अर्धी गोळी."

मग तो भडाभडा बोलत सुटला. "आमच्यात धन्याच्या आधी बाई घास घेत न्हाई. हिनं गोळीला बी तेच धरलं. म्हनली, तुमी आधी. म्हनलं, मला काय धाड भरलीया? तर म्हनली, मग मी बी घेत न्हाई. काय करता? अडकित्त्यानं दोन फाकी करायचो. रोज तिन्ही येळा. माझी गिळून झाली की ती घटकाभर नुसती माझ्याकडं बघत बसायची, मगच तिची घ्यायची. लई जीव हाय बाई तिचा माझ्यावर."

"त्या गोळीत बायकांच्या अंगातलं हार्मोन आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला कॅन्सर नाही. तुम्हाला..." त्या त्याच्या झुपकेदार मिशांकडे बघत शब्द शोधू लागल्या. "तुम्हाला गोळी लागू पडली आहे. बंद करा, सूज उतरेल."

गहिनीनाथ हसला नाही. "आन तिला?"

"तिला तीन महिने निम्मंच औषध गेलं."

तो सदऱ्याची बटणं लावायला लागला, ती सगळी चुकीच्या काजात. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"नाव राहू दे. आजपासून पूर्ण गोळी. गाठ बसेल, असा शब्द मी देत नाही. पण तुम्ही गोळीला हात लावायचा नाही."

"मग ती घ्यायचीच न्हाई, बाई. वळखतो मी तिला."

डॉक्टर गोळ्यांची बाटली घेऊन त्याच्याबरोबर बाहेर व्हरांड्यात आल्या. मनकर्णा बाकावर पदर आवळून बसली होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिचा चेहराही पांढरा पडला. गहिनीनाथने तिला सगळं सांगितलं, छातीचंही. व्हरांड्यातल्या चार माणसांनी ऐकलं, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. मग तो हात जोडून म्हणाला, "मनकर्णे, तुला माझी आन हाय. आता सबंद गोळी तू एकटीनं घ्यायची."

मनकर्णाने त्याच्याकडे न बघता डॉक्टरांना विचारलं, "ह्यांचं आतलं समदं बरं हाय? काळीज, पोट?"

"सगळं बरं आहे."

"मरत न्हाईत?"

"इतक्यात तर नाही."

तिने डॉक्टरांच्या हातातून बाटली घेतली, एक गोळी काढली आणि पाण्याशिवाय सबंध गिळली. गहिनीनाथ बघतच राहिला. सतरा वर्षांच्या संसारात तिने त्याच्या आधी काही तोंडात टाकलं, ते हे पहिल्यांदा.

"अगं, माझ्या आधी?"

मनकर्णा बाटली बंद करू लागली. झाकण दोनदा निसटलं.

"अवो, बाईंनी पयल्याच दिशी सांगितलं हुतं, ह्यो प्रयोग हाय, काय हुईल सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटलं. म्हनून मी आधी तुमच्यावर करून बघितला."