सात मुंडकी

तापीकाठच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर सात जण डोकी भादरून उभे होते. ते पाहिलं आणि मालूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

नवऱ्याचा दहावा होता. कौतिक उस्ताद तुरुंगात तापानं गेले. पोटी लेकरू नाही, म्हणून फोपनार गावचा पुतण्या पंडित पिंडाला बसला होता. आणि हे सात जण तुळतुळीत डोक्यानं, उघड्या अंगानं आलेले, जसे काही सख्खे लेकच! वरच्या पायरीवर पोलिसांचा जमादार विडी ओढत बसला होता. उस्तादाच्या दहाव्याला कोण कोण येतं, ते पाहायला त्याला पाठवलं होतं.

याच सात जणांना उस्तादांनी वीस वर्षं लाठी शिकवली, पट्टा शिकवला. आखाड्यातून मनगटं सुजवून यायचे तेव्हा मालूबाईनं त्यांना हळद लावली, भाकरी वाढली. त्यांची लग्नं लागली तेव्हा वरमाईसारखी मिरवली.

मागल्या साली दारूच्या दुकानापुढे बायका धरणं धरून बसल्या. मालूबाईही त्यांत होती. शिपायांनी बायकांवर लाठ्या उगारल्या, तसे उस्ताद मध्ये शिरले. त्यांच्यामागून तोंडाला गमछे बांधलेले सात जण. एकाही बाईच्या अंगावर वार पडू दिला नाही त्यांनी. त्या झटापटीत फौजदाराचा हात मोडला. गमछ्याआडचे चेहरे पोलिसांना कळले नाहीत. मालूबाईला चेहरे पाहायची गरजच नव्हती. कुणाचा पाय कसा पडतो, हे तिला पाठ होतं.

मग कचेरीत मॅजिस्ट्रेटनं संशयावरून या सात शिष्यांपैकी एकेकाला पुढे बोलावलं.

"यह तुम्हारा उस्ताद है?"

"था, हुजूर. अब हमारा कोई वास्ता नहीं. बदमाश आदमी है."

सातही जण हेच बोलले. उस्ताद कठड्यात मान खाली घालून उभे होते. "मी एकटाच होतो," एवढंच ते म्हणाले. दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्या दिवसापासून मालूबाईनं सातही घरांना सुखानं जगू दिलं नाही. लोटू विणायला मागावर बसला की ती त्याच्या दारात उभी राहायची. "बाटग्या, खाल्ल्या भाकरीला तरी जागायचं होतं!" दिगंबर मास्तर शाळेत निघाला की भर चौकात त्याला अडवायची. सगळं बुऱ्हाणपूर ऐकायचं. सातांपैकी एकानंही कधी वर मान केली नाही. अकरा महिने असे गेले, आणि मग तुरुंगातून निरोप आला.

आज तेच लोक सुतक पाळायला आले होते.

मालूबाई पदर खोचून त्यांच्यासमोर गेली.

"मेल्यावर आठवला का रे उस्ताद? जितेपणी बदमाश होता ना? कुणाला दाखवायला भादरली ही डोकी?"

दिगंबर हळूच म्हणाला, "माय, आज मार आम्हाला, पण ऐकून घे. कचेरीत तसं बोलायचं, अशी आण त्यांनीच घातली होती आम्हाला."

"खोटं!"

"धरपकडीच्या आदल्या दिवशी आखाड्याच्या मातीला हात लावून आण घातली. म्हणाले, माझे हात आता म्हातारे झाले, तुमचे शाबूत राहू द्या. तुम्ही गेलात तर आखाडा गेला."

"मग मला का नाही सांगितलं?"

उत्तर लोटूनं हळू आवाजात दिलं. "म्हणाले, मालूला सांगू नका. तिच्या तोंडावर खोटं टिकत नाही. ती मनापासून शिव्या देईल, तर तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही. आणि तसंच झालं, माय. पोलिसांचा माणूस आमच्या मागावर होता. तुझ्या शिव्या ऐकून ऐकूनच त्यानं आमचा नाद सोडला. सुटून आलो की मीच तिला सांगेन, म्हणाले होते."

हे बोलणं मालूबाईच्या नवऱ्याचंच होतं, त्याच्याच शब्दांत. ती तुरुंगात भेटीला गेली तेव्हा गजाआडून नुसता हसत होता. तिनं सातांच्या नावानं बोटं मोडली, तरी हसतच होता. अकरा महिने आपल्याला अंधारात ठेवलं! राग आता कुणाचा करायचा, तेच तिला कळेना.

"क्या चल रहा है?" जमादार विडी टाकून खाली उतरत होता. "उस्ताद से वास्ता नहीं था ना? फिर सिर किसके लिए मुंडवाया?"

दिगंबर ताठ झाला. आज सगळं कबूल करायचं ठरवूनच ते सातही जण घरून निघाले होते. त्यानं तोंड उघडलं.

त्याच्या आधी मालूबाईचा हात त्याच्या गालावर फाडकन बसला.

"मैंने मुंडवाया, जमादारसाहब!" ती ओरडली. "गुरू से बेईमानी की इन्होंने. मैंने बोला, बिरादरी में रहना है तो गंगा-तापी के सामने सिर मुंडवाओ, फिर मेरे पाँव पे नाक रगड़ो. रगड़ो रे, हरामखोरांनो!"

सातही जण पायरीवर वाकले. तिच्या पायांवर त्यांची कपाळं टेकली. कुणालाच रडू आवरलं नाही. जमादार मात्र पोट धरून हसला. "अच्छी सजा है, बाई," म्हणत तो पायऱ्या चढून शहराकडे निघून गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत मालूबाई हलली नाही. मग तिनं पुतण्या पंडितला हातानं बाजूला केलं.

"तुमच्या उस्तादाशी मी वर गेल्यावर भांडून घेईन," ती म्हणाली. "आता उठा. बापाला पाणी द्या."