राखण

पालिकेचा ट्रक गल्लीत शिरला, तसा विश्राम पडद्यामागे सरकला. शहराच्या ऐन मध्यात, इतक्या कमी भाड्यात खोली मिळणं म्हणजे नशीबच. पण खिडकीखाली भाजी विकणाऱ्या हौसाबाईची पहाटेची आरोळी त्याला सोसवत नव्हती. शेवटी त्यानेच गुपचूप फोन करून तक्रार केली होती.

खाली पळापळ झाली. बाकीच्या बायका पाट्या उचलून बोळात शिरल्या. हौसाबाई मात्र फुटपाथवरची त्याची स्कूटर ढकलत जिन्याखाली आणत होती. तोवर तिची पाटी मेथीसकट ट्रकात गेली.

तो धावत खाली उतरला.

"मुडदे समदंच उचलत्यात," पदराने सीट पुसत ती म्हणाली. "तुमची गाडी तेवढी वाचली, दादा."

विश्रामला तिच्याकडे बघवेना.

"तुमास्नी बोलाया येतं. पालिकेत माझ्यासाठी एक फोन लावा की."