पोरींची पट्टी

लोणी भापकरात पोरापोरींच्या भजनांची स्पर्धा होती. परीक्षक बुवा लांबून आलेले. पोरांचा गळा कुठल्या पट्टीत लागतो ते बुवांना भर मांडवात कळत होतं. पोरींचा गळा मात्र मोठा लाजरा. त्याची पट्टी एकेकीला खोलीत नेऊन, दार लोटून घेतल्याशिवाय बुवांना गवसतच नव्हती!

भागूचं नाव पुकारलं, तशी तिची आजी प्रयागबाई खोलीच्या उंबऱ्यातच फतकल मारून बसली.

"पेटी भाईर आणा. माझी नात आत जायाची न्हाय."

स्पर्धा भरवणारे महिपतराव धावत आले. "काकू, पाहुण्यांचा अपमान व्हतोय. बुवा म्हंजे देवमाणूस. धा वर्सं येत्यात, मी सोता हमी देतो."

"व्हय का? मग तुमची लेक हौसा कुठं दिसंना ती? गावात तिच्यावानी गळा न्हाय."

"तिला पाठवायचं बंद केलंय आमी," महिपतराव बोलून गेले.

प्रयागबाई उंबऱ्यातच जराशी सरकली आणि त्यांना वाट दिली. मग महिपतराव खाली मान घालून खोलीत शिरले आणि स्वतःच पेटी उचलून बाहेर घेऊन आले.